तुटवडा त्यांचा, परीक्षा आपली

परदेशी शिकायला जाणाऱ्यांची आपल्याकडे एक उतरंड ठरलेली आहे. सर्वांत वर अमेरिकेत एम.एस. करणारा इंजिनीअर. त्याच्या खालोखाल एम.बी.ए.वाले. मग ज्यांच्या कोर्सचं नाव आईवडिलांना धड सांगता येत नाही, पण देशाचं नाव मात्र ठणठणीत सांगता येतं, असे इतर. आणि अगदी तळाला ‘ती ना, तिकडे नर्सिंगला गेलीय’ एवढ्यावर उरकलेली एखादी मुलगी. ही उतरंड रचताना एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला: यांतलं कोण गेलं नाही तर तिकडच्यांचं काय अडेल? इंजिनीअर गेला नाही तर विद्यापीठाची एक फी बुडेल आणि आठवड्याभरात त्या जागेवर दुसरा कोणी बसेल. एम.बी.ए.वाला गेला नाही तर तिकडच्यांचं बहुधा काहीच बिघडणार नाही, थोडं बरंही होईल. पण नर्सिंगची मुलगी गेली नाही तर श्टुटगार्टमधल्या एखाद्या आजोबांची सकाळची आंघोळ राहते, गोळ्यांची वेळ चुकते आणि अख्खा वॉर्ड बंद ठेवावा लागण्याची पाळी येते. शिकणाऱ्यापेक्षा शिकवणाराच जास्त अडलेला आहे असं शिक्षण शोधायला गेलं तर हे एक सापडेल. तरीही त्या शाळेच्या दारापर्यंत पोचण्याची सगळी व्यवस्था अशी बांधली आहे की पाहणाऱ्याला वाटावं, उपकार त्यांचेच. हा निव्वळ आव आहे, आणि तो एकट्या त्यांनी आणलेला नाही. त्यात आपणही मनापासून सामील आहोत.

अडलेपणाचा पुरावा हवा तर जर्मनीपासून सुरुवात करावी. युद्धानंतरच्या भरभराटीत जन्मलेली तिथली मोठी पिढी आता निवृत्त होते आहे. तिच्यात रुग्ण होऊ घातलेले आहेत आणि त्या रुग्णांची सेवा करत आलेल्या परिचारिकाही आहेत, म्हणजे मागणी वाढते आणि पुरवठा घटतो तो एकाच वाढदिवसाच्या केकवर. घरच्या तरुणांना पाळ्या, रात्रपाळ्या आणि पाठदुखी यांचं आकर्षण नाही. मग २०२० साली तिथे परिचर्येचा नवा कायदा लागू झाला. मोठ्यांची, मुलांची आणि वृद्धांची शुश्रूषा असे जे तीन वेगळे अभ्यासक्रम होते ते एकत्र करून तीन वर्षांचं एकच प्रशिक्षण केलं: २१०० तास वर्गात आणि २५०० तास वॉर्डात. याला तिकडे आउसबिल्डुंग म्हणतात आणि आपल्याकडच्या क्लासवाल्यांच्या फलकांवर आता हा शब्द एम.पी.एस.सी.च्या शेजारी सुखाने नांदतो आहे. यातली खरी गंमत अशी की या शिक्षणाला फी नाही, उलट विद्यार्थ्यालाच पहिल्या वर्षापासून दरमहा पगार मिळतो. सरकारी वेतनकराराखालच्या रुग्णालयांत २०२४ साली तो तेराशे युरोंच्या वर होता. (याचा रुपयांत गुणाकार करू नये, कारण घरभाडं, विमा आणि कर हे सगळं युरोतच कापलं जातं. पण गुणाकार न करता राहील तो मराठी पालक कसला!) मॅनेजमेंट कोट्याच्या जगात वाढलेल्या बापाला शिकण्याचे पैसे मिळतात ही गोष्ट इतकी संशयास्पद वाटते की तो पुरावा मागतो. मग पुरावा म्हणून एजंट त्याच्याकडून काही लाख रुपये घेतो, आणि पैसे गेल्यावर बापाची खात्री पटते की कोर्स अस्सल आहे. फुकट मिळणारी जागा विकत घेऊन दाखवणं हे कौशल्य जर्मनीत तीन वर्षं शिकवूनही येणार नाही.

सरकारी मार्ग नाहीत असं नाही. केरळच्या नोर्का रूट्स या संस्थेनं डिसेंबर २०२१ मध्ये जर्मनीशी ‘ट्रिपल विन’ कार्यक्रमाचा करार केला, आणि त्यात भाषा शिकवण्यापासूनचा खर्च उमेदवारावर पडत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रानेही बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा सामंजस्य करार केला. त्या यादीत परिचारिकांपासून वाहनचालक, रंगारी आणि प्लंबरपर्यंत सगळे आहेत. एखादं राज्य साता समुद्रापलीकडच्या राज्याकडे परिचारिकेसोबत रंगारी आणि प्लंबरही मागतं, तेव्हा त्याच्या घरात काय चाललं असेल याचा अंदाज यावा. पण करारावर सही होताना जी अजिजी असते ती अर्जाच्या खिडकीपर्यंत पोचत नाही. तिथे पुन्हा उमेदवारच उभा असतो, फायली छातीशी धरून.

या बाबतीत अमेरिकेचा हात कोणी धरू शकणार नाही. तिथल्या कामगार खात्याची ‘शेड्यूल ए’ नावाची एक यादी आहे. एखादा परदेशी माणूस कायम नोकरीवर आणायचा तर स्थानिक माणूस मिळत नाही हे मालकाला सिद्ध करावं लागतं, पण या यादीतल्या व्यवसायांत त्याची गरज नाही, कारण तुटवडा आहे हे सरकारनेच आधी मान्य केलेलं असतं. परिचारिका या यादीत ठळकपणे आहेत. म्हणजे एक खातं सांगतं, ‘तुमची इतकी गरज आहे की ती सिद्धही करू नका.’ दुसरं खातं सांगतं, ‘तुमचा जन्म भारतातला ना? मग रांगेत या.’ त्या रांगेची स्थिती अशी की २०२४ साली भारतात जन्मलेल्यांचे जे अर्ज हाताळले जात होते ते २०१२ साली भरलेले होते. सत्तर वर्षांच्या गृहस्थांना उठवायला-बसवायला माणूस हवा म्हणून अर्ज केला आणि ते माणूस येईपर्यंत ब्याऐंशीचे झाले, असा हा हिशेब. यावर शांतपणे उत्तर दिलं जातं की देशागणिक कोटा हा कायदा आहे, त्यात परिचारिकेवर वेगळा राग नाही. खरंच नाही. पण कायदा सगळ्यांना सारखा असणं हा कायदा शहाणा असण्याचा पुरावा नव्हे. शिवाय रांगेच्या आधी एनक्लेक्स नावाची परीक्षा आहेच. ती संगणकावर होते, आणि उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न आणखी कठीण येतो. ८५ ते १५० प्रश्नांच्या मध्ये कुठेही यंत्र अचानक थांबतं, आणि आपण उत्तम आहोत म्हणून थांबलं की निरुपयोगी आहोत म्हणून, हे त्या क्षणी विद्यार्थ्याला कळत नाही. हुशारीची शिक्षा म्हणून प्रश्न अवघड करत नेणं हे आपल्या तोंडी परीक्षांतही चालतं, पण निदान तिथे परीक्षकाचा चेहरा वाचता येतो.

ब्रिटनचा बाणा निराळा. तिथे इंग्रजीची आयेल्ट्स ही परीक्षा आहे, आणि बरीच वर्षं परिचारिकेला वाचन, श्रवण, संभाषण आणि लेखन या चारही भागांत ७ गुण लागत. मग २०१७ च्या सुमारास तिथल्या वृत्तपत्रांत बातम्या आल्या की इंग्रजी हीच मातृभाषा असलेल्या, ऑस्ट्रेलियात वाढलेल्या परिचारिकाही या परीक्षेत अडकतात. परक्यांना चाळण्यासाठी लावलेल्या चाळणीत आपलेच दाणे अडकू लागले तेव्हा चाळणीचा विचार झाला आणि २०१८ च्या अखेरीस लेखनाची अट साडेसहावर आली. सांगलीची, सोलापूरची मुलगी निबंधात नापास होत होती तोवर तो तिच्या इंग्रजीचा दोष होता; पर्थची मुलगी नापास झाल्यावर तो परीक्षेचा झाला. याशिवाय ओस्की म्हणून दहा टप्प्यांची प्रात्यक्षिक परीक्षा असते. त्यात नट रुग्ण होतात, कुठे नुसता पुतळा असतो, आणि विद्यार्थ्याने स्वतःची ओळख करून देऊन, रुग्णाचं नाव विचारून, त्याची संमती घेऊन मगच हात लावायचा असतो. पुतळ्याची संमती घेताना आपल्याकडच्या मुलामुलींना सुरुवातीला हसू येतं, कारण आपल्या वॉर्डात जिवंत माणसाचीही संमती कोणी घेत नाही. ‘आजी, कूस बदला’ म्हणायच्या आत आजींची कूस बदललेली असते. हसण्यासारखी बाजू इथे त्यांची नसून आपली आहे हे कबूल केलेलं बरं.

आणि कागदपत्रं. बी.एस्सी. नर्सिंग किंवा जी.एन.एम. करून जायचं असेल तर प्रत्येक विषयाचे तास कॉलेजने लिहून द्यायचे, नर्सिंग कौन्सिलने दाखला द्यायचा, राज्याचा शिक्का, परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, अधिकृत भाषांतर, आणि हे सगळं काही ठिकाणी कॉलेजनेच सीलबंद पाकिटातून थेट पाठवायचं. जर्मनीत ही पाकिटं तपासली जातात आणि बहुतेकदा एक पत्र येतं ज्यात तुमच्या शिक्षणात काय काय कमी आहे ते तासांसकट मांडलेलं असतं. मग ती कमतरता भरून काढायला काही महिन्यांचा पूरक अभ्यास किंवा परीक्षा. तुटवडा त्यांच्या वॉर्डात आणि तुटीचं पत्र मुलीच्या नावाने. कॅनडाची तऱ्हा आणखी चलाख आहे. परवान्याचा सरळ रस्ता लांबलचक असल्यामुळे भारतातल्या कितीतरी प्रशिक्षित परिचारिका वृद्धशुश्रूषेसारख्या विषयाच्या डिप्लोमाला परदेशी विद्यार्थी म्हणून, परदेशी विद्यार्थ्यांच्या फीने प्रवेश घेतात, शिकता शिकता मदतनिसाचं काम करतात आणि बाजूने परवान्याची खटपट चालवतात. जे येतं तेच पैसे भरून पुन्हा शिकायचं, कशासाठी, तर जे येतं ते करू द्यावं म्हणून.

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो: भाषेची परीक्षा नको तर काय? छातीत दुखतंय की पाठीत हे ज्या परिचारिकेला कळत नाही तिच्या हातात रुग्ण द्यायचा का? हा आक्षेप शंभर टक्के खरा आहे आणि त्याला खोडायला आपल्याकडचंच एक उदाहरण पुढे केलं जातं, म्हणून ते तपासून पाहायला हवं. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत कित्येक दशकं सिस्टर म्हटलं की मल्याळी, हे समीकरण होतं. कोट्टयमची मुलगी पुण्यात यायची तेव्हा तिच्या दृष्टीने हा परदेशच, पण जर्मनीत भाषेच्या बी-टू पातळीचं प्रमाणपत्र मागतात तसं मराठीचं तिला कोणी मागितलं नाही. ‘कुठं दुखतंय’, ‘शी झाली का’ आणि ‘उद्या घरी’ एवढ्या भांडवलावर तिने सुरुवात केली आणि पाचएक वर्षांत ती नातेवाइकांना अस्खलित मराठीत हाकलू लागली. मग जर्मनांचंच एवढं काय? फरक असा की पुण्याच्या खाटेजवळ दुभाषे बसलेले असतात. रुग्णाला काय होतंय हे रुग्ण सोडून सगळे सांगतात. जर्मन खाटेजवळ बहुतेक वेळा कोणीच नसतं, त्यामुळे आजोबांचं म्हणणं आजोबांकडूनच समजून घ्यावं लागतं. म्हणून बी-टूची अट योग्यच आहे. जर्मन नामांना तीन लिंगं असतात याची तक्रार करण्याचा नैतिक अधिकारही मराठी माणसाला नाही. खुर्ची स्त्रीलिंगी, पंखा पुल्लिंगी आणि टेबल नपुंसकलिंगी का, याचं उत्तर आपण आजवर कोणाला दिलेलं नाही.

पण अट योग्य असली तरी तिचा आव तपासता येतो. प्रमाणपत्र मिळतं ते पुस्तकी, स्वच्छ, वार्ताहराच्या जर्मनचं, आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या खेड्यात आजी बोलतात श्वेबिश. पुण्यातल्या पाठ्यपुस्तकावरून मराठी शिकलेल्या एखाद्या परदेशी मुलीला थेट सावंतवाडीच्या रुग्णालयात उभं करावं आणि समोरच्या म्हातारीने मालवणीत गाऱ्हाणं सुरू करावं, तसा हा प्रकार. परीक्षेचा कागद तिला दारापर्यंत आणतो. पुढचं सगळं त्या आजीच शिकवतात, न्याहारीच्या पावाला लोणी किती जाड लावायचं इथपासून. म्हणजे शेवटी भाषा वॉर्डातच येते, कोट्टयमच्या मुलीला आली तशीच. कागदाने फक्त जबाबदारी कोणाची हे ठरतं. संवाद जमला तर व्यवस्था उत्तम, फसला तर मुलीचं जर्मन कच्चं. श्वेबिश आजींना प्रमाण जर्मनच्या वर्गात बसवा असं अजून तरी कोणी सुचवलेलं नाही.

दुसरा आक्षेप घरचा आहे आणि तो हळू आवाजात घेतला जातो. पोरीने एवढं शिकून तिकडे जाऊन म्हाताऱ्यांना आंघोळी घालायच्या? हा धक्का खरा आहे. आपल्या रुग्णालयात एका खाटेभोवती कामाची वाटणी परंपरेने झालेली असते. आई डबा भरवते, भाऊ मेडिकलमधून सलाईनच्या बाटल्या आणतो, मामा केसपेपरच्या रांगेत, बेडपॅन मावशींकडे, उचलून ठेवायला वॉर्डबॉय. सिस्टरकडे इंजेक्शन, रजिस्टर, डॉक्टरांचा राउंड आणि या सगळ्यांवर ओरडणं. जर्मनीत आई, भाऊ, मामा आणि मावशी या चारही पदांचा कार्यभार तिच्या एकटीकडे येतो. अंग पुसणं, तोंड धुणं, दाढी, भरवणं, कूस बदलणं, सगळं. उलट अंधारात, रडणाऱ्या पोराच्या केसाएवढ्या शिरेत सुई घालण्याची जी विद्या ती इथून हातात घेऊन गेली, तिला तिकडे फारसं गिऱ्हाईक नाही. शिरेत सुई घालणं बऱ्याच ठिकाणी डॉक्टरचं काम मानलं जातं. पदवी घेऊन गेलेल्यांची नाराजी इथून येते, आणि मान्यता मिळेपर्यंत मदतनिसाच्या पगारावर काढावं लागतं तेव्हा ती रास्तही असते. पण आंघोळीबद्दलच्या तक्रारीत आपण न बोलता एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की सुई टोचणं वरचं काम आणि अंग पुसणं खालचं. पाठीवरची लाल झालेली कातडी उद्या बेडसोअर होणार आहे हे अंग पुसणाऱ्यालाच कळतं. ते कळावं म्हणूनच तर त्या २१०० तासांचा खटाटोप आहे. आणि एक जुना हिशेब इथेच उलगडतो. जर्मनीत हजार लोकांमागे सुमारे १२ परिचारिका आहेत, भारतात दोनच्या आसपास. बारा असून ओरड करणाऱ्यांना आपण हसतो, पण आपल्या दोनांत आई, भाऊ आणि मामा धरलेले नाहीत. ते धरले तर खाटेमागे मनुष्यबळात आपण जगात पहिले येऊ.

घरच्या या आक्षेपाचा इतिहास बराच थोर आहे. आधुनिक परिचर्येची जी आद्य देवता, ती फ्लोरेन्स नाइटिंगेल, स्वतः परदेशात, आणि तेही जर्मनीतच, नर्सिंग शिकायला गेलेली विद्यार्थिनी होती. १८५१ च्या उन्हाळ्यात ती ऱ्हाइनकाठच्या कायझर्सव्हेर्टला पास्टर फ्लीडनर यांच्या संस्थेत तीन महिने राहिली. पहाटे उठायचं, साधं खायचं, दिवसभर काम. भाषेची परीक्षा नव्हती. तिला जर्मन येत होतं, आणि येतं म्हटल्यावर कोणी कागद मागितला नाही. घरचे श्रीमंत आणि नाराज. तिची आई आणि बहीण त्या काळात कार्ल्सबाडला हवापालट करत होत्या, आणि मुलगी कुठे आहे हे चारचौघांत कळू नये अशी घरची ताकीद होती. पुढे त्या संस्थेबद्दल तिने जे लिहून ठेवलं त्याचा मथितार्थ असा की तिथली शुश्रूषा म्हणजे शून्य आणि स्वच्छता भयंकर, पण माणसांची निष्ठा अशी की दुसरीकडे पाहिली नाही. परदेशी शिक्षणाचा इतका प्रामाणिक अभिप्राय त्यानंतर क्वचितच कोणी दिला असेल. आता घरची ताकीद उलटी झाली आहे. मुलगी जर्मनीला गेली हे सोसायटीच्या ग्रुपवर बोर्डिंग पासच्या फोटोसकट जाहीर होतं. गुप्त ठेवलं जातं ते तिथे ती नेमकं करते काय. ‘हेल्थकेअरमध्ये आहे’ एवढं सांगून विषय युरोच्या दराकडे वळवला जातो. हेच काम ती मिरजेला किंवा अकोल्याला करत होती तेव्हा ‘रात्रपाळी असते हो’ म्हणून स्थळं परत जात. काम तेच, रात्र तीच, फक्त अंधार वेगळ्या चलनातला.

तर आव हा असा दुहेरी आहे. गरज आहे हे ते लपवतात, आणि गरज कसली आहे हे आपण लपवतो. दोघांची सोय एकच: मुलीचा भाव वाढू नये. ते ‘संधी’ देतात, आपण ‘पाठवतो’, आणि क्रियापदांच्या या देवघेवीत जी खरोखर जाते ती कर्त्याच्या जागी कधी येत नाही. ती आली तर काय मागेल याची कल्पना जुन्या अनुभवावरून करता येते. साठच्या दशकात चर्चच्या मार्फत केरळातल्या मुली पश्चिम जर्मनीत नर्सिंग शिकायला गेल्या. पुढे त्यांची लग्नं झाली, नवरे मागाहून पोचले, आणि त्या नवऱ्यांना काही वर्षं कामाचा परवानाच मिळेना. मग बायको वॉर्डात आणि नवरा घरी भाताला पाणी किती घालायचं ते शिकतोय, असा एक सामाजिक प्रयोग कोणत्याही चळवळीशिवाय, निव्वळ जर्मन नियमांमुळे पार पडला. उरलेल्या वेळात नवऱ्यांनी मंडळं काढली आणि मासिकं चालवली. घरी बसवलेला सुशिक्षित पुरुष काय करतो हे मराठी वाचकाला निराळं सांगायला नको. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मात्र जर्मनीत बेकारी वाढली, परिचारिका ‘पुरेशा’ झाल्या, आणि काही राज्यांनी त्यांच्या राहण्याचे परवाने वाढवायला नकार दिला. अनेकींना परतावं लागलं. कोरियातून आलेल्या परिचारिकांनी सह्यांची मोहीम काढली, रस्त्यावर आल्या आणि राहण्याचा हक्क मिळवला. म्हणजे गरज ही हंगामी असते हे जर्मनांनी एकदा दाखवून दिलेलं आहे, आणि उपकाराची भाषा उपयोगी पडते ती नेमकी याच वेळी. गरज संपली की उपकार परत मागता येतो. सौदा तसा मोडता येत नाही.

शेवटचा आक्षेप देशभक्तीचा. हजारामागे दोनच असताना आपल्या मुली आपण जगाला का वाटायच्या? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली ५५ देशांची यादी केली, जिथून आरोग्यसेवक ओढून नेऊ नयेत अशी विनंती आहे. भारत त्या यादीत नाही. म्हणजे आपण नेण्यालायक आहोत हे आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य आहे. पण देशभक्तीचा हा आक्षेप घेणाऱ्यांना एक कागद वाचायला द्यावा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगाराबद्दल शिफारस केली: पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयानेही महिना किमान २०,००० रुपये द्यावेत, आणि दोनशेहून जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतके. शिफारस चांगली होती आणि बहुतेक ठिकाणी ती आजही तितकीच चांगली आहे, कारण तिला कोणी हात लावलेला नाही. जी.एन.एम. झालेली मुलगी बॉन्ड, डबल ड्यूटी आणि हातात येणारी रक्कम यांचा विचार करून जर्मनचा क्लास लावते तेव्हा तिच्यावर देशाचं ऋण आहे हे आठवण्याचं काम नेमके तेच लोक करतात ज्यांच्याकडे तिचं मागच्या महिन्याचं देणं बाकी आहे. आपल्याकडे परिचारिकांची टंचाई आहे हे खरं. पण त्याआधी आपल्याकडे परिचारिकेला नीट पगार देणाऱ्यांची टंचाई आहे, आणि ती भरून काढायला परदेशातून कोणाला आणायचं हे अजून ठरलेलं नाही.

महाराष्ट्र शासनाने पुढच्या करारात निदान एवढं तरी मागून घ्यावं, की भाषेचा खर्च, कागदांचा खर्च आणि मान्यता मिळेपर्यंतच्या कमी पगाराचा फरक हे ज्याला गरज आहे त्याने सोसावं, आणि परवाना रद्द करायचा झाला तर त्याची नोटीस मुलीइतकीच आपल्यालाही मिळावी. जर्मन माणूस अशा मागणीने रागावत नाही; अट लेखी असली की त्याला उलट बरं वाटतं. यावर तिथले रुग्णालयवाले एकच अडचण सांगतात, आणि ती ऐकण्यासारखी आहे. म्हणे एवढा खर्च करून आम्ही मुलीला घडवायचं, श्वेबिश शिकवायचं, आणि ती तयार झाली की सीमेपलीकडच्या स्वित्झर्लंडने जास्त पगार दाखवून तिला उचलायचं, हा कुठला न्याय? स्विस रुग्णालयं जर्मनीत शिकलेल्या परिचारिकांवर कित्येक वर्षं चालली आहेत. तिथे जायचं तर जर्मन प्रशिक्षणाची कागदपत्रं स्विस रेडक्रॉसकडे मान्यतेसाठी पाठवावी लागतात, त्याची फी वेगळी, आणि झुरिकच्या आजी जे जर्मन बोलतात ते श्टुटगार्टच्या आजींनाही समजत नाही.